आवाज नको, चित्र दाखव

आमच्या मोठ्या आत्याने उभ्या आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, आणि धाकट्या आत्याला तर जन्मापासून ऐकूच येत नाही. दोघी चाळीस वर्षं एका घरात राहिल्या. घरात सगळ्यात जास्त बडबड धाकटीची, हातांनी. त्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या, दोघींनी लहानपणापासून घरातच बनवत आणलेल्या होत्या. हवेत चाक फिरवलं की मोठी आत्या, कारण मोठी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची.

मागच्या वर्षी अर्धांगवायूने धाकटीचा उजवा हात गेला. डावा शाबूत होता, पण तिने तो मांडीखाली दाबून ठेवला आणि बोलणंच बंद केलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या खुणा विसरल्यात. फार आशा धरू नका."

"विसरली नाही, रुसलीये," मोठी म्हणाली. "तिचं बोलणं तिलाच दाखवते, मग बघा."

दहा वर्षांपूर्वी तिने छोट्या कॅमेऱ्यावर धाकटीचं बोलणं टिपलं होतं. त्या व्हिडिओची फाईल घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. लावली तर आवाज आला: पंख्याची घरघर, आणि कॅमेरा धरून खिदळणारी मोठी. पडदा मात्र काळा ठिक्कर. धाकटीने क्षणभर पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने तासभर खुडबुड केली. "फाईल खराब आहे, काकू. मशीनही जुनं झालंय, नवीन घ्या. पण काळजी नको, आवाज मी वाचवलाय." आणि त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला.

मला हसावं की रडावं कळेना. मोठ्या आत्याचा पारा चढला.

"जिने जन्मात एक शब्द उच्चारला नाही, तिचा आवाज वाचवलास? ने तो तुझ्या घरी! आणि जुनं म्हणून फेकायचंच असेल, तर आधी मला फेक."

तो गेल्यावर ती वही घेऊन बसली. कारखान्यात मशीन टाके गाळू लागलं की ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चिंधीवर एक शिवण घालायची आणि काय बदललं ते चिंधीवरच खडूने लिहायची. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते देवालाही कळत नाही," ती मला म्हणाली. "चल, बस शेजारी."

माझ्या फोनमधला व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला. तोही काळा. "म्हणजे फाईलवर उगाच आळ घेतला," तिने लिहिलं. दुसरा प्लेअर घातला, काळा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, काळा. तीन दुपारी गेल्या. मी हात टेकले, तिने नाही.

चौथ्या दुपारी प्लेअरच्या सेटिंगमध्ये तिला बरोबरची खूण केलेली एक चौकट दिसली: हार्डवेअर ॲक्सिलरेशन.

"हे काय?"

"चित्र लवकर दिसावं म्हणून प्लेअर ते काम ग्राफिक्स कार्डावर ढकलतो."

"आणि ते कार्ड बसलंय झोपा काढत. घाई कोणाला आहे इथे? काढ ती खूण."

काढली. प्लेअर बंद करून पुन्हा उघडला, आणि पडद्यावर धाकटी आत्या आली, दोन्ही हात हवेत नाचवत. मला रडू आलं, सरळ सांगते.

मोठीने धाकटीची खुर्ची वळवली. पडद्यावरच्या धाकटीने चाक फिरवलं, बोटात सुई घुसल्याचं दाखवलं. मोठीने स्वतःचंच बोट शिवलं होतं, त्याची गोष्ट. खुर्चीतली धाकटी डोळे न मिटता बघत होती. गोष्ट ऐन रंगात आली आणि चित्र थांबलं.

"आता पुन्हा काय बिघडलं?" मी ओरडले.

"काही नाही. मीच थांबवलं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मोठीने हातांनी सांगितलं, पुढचं तू सांग. धाकटीने मान हलवली. मोठी हाताची घडी घालून बसली. दोघींत जास्त हट्टी कोण, हे मला आजही ठरवता येत नाही.

बऱ्याच वेळाने धाकटीने डावा हात मांडीखालून काढला. चाक फिरवलं, वेडंवाकडं. मग बोट शिवलं, मग रडणारी मोठी, मग फुंकर. आणि शेवटी व्हिडिओत नसलेली एक खूण, कपाळावर टिचकी: मूर्ख कुठली!

"बघा, म्हणावं त्या बाईंना," मोठी म्हणाली, आणि डोळे पुसत वहीत लिहिलं, "चालू."