ताप नसलेलं आजारपण

"डाव्या हातात शोधू नका, नाडी मिळायची न्हाय." दवाखान्यात नवी नर्स मनगट धरायला आली की ती हे आधीच सांगायची आणि नर्सचा चेहरा बघून हसायची.

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. ती बेळगुंदीहून यायची, भावाच्या घरी राहायची. खोकी उचलताना तिचा हात गळून जायचा. सुपरवायझर म्हणायचा, "नाटकं बंद करा." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुखणं दिसत नाही म्हणून ते कुणाला पटत नाही. शेवटी बेळगावच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. रक्तवाहिन्यांना सूज आणून त्या अरुंद करणारा दुर्मीळ आजार, म्हणून डाव्या हाताला नाडी लागत नव्हती. शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटलेली. ती दाबून ठेवायला दर आठवड्याला पोटात इंजेक्शन.

"म्हंजे कसं, आक्का," ती मला म्हणाली, "घरचंच कुत्रं चावाय लागलंय, म्हणून त्याला बांधून ठिवलंय. आता चोर आला तर भुंकणार कोण?"

इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती बसमध्ये चढली ती मान वळवून अंबाडा दाखवतच. "माझा मी घातला! वैनीला हाक माराय लागली न्हाय."

डॉक्टरांनी गर्दी टाळायला बजावलं होतं. पण खानापूरला भाचीचं लग्न निघालं. ती मास्क लावून मांडवाच्या कडेला बसली, मी शेजारी. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "आमाला काय रोग झालाय व्हय, वन्सं? तोंड उघडा की!"

तिनं मास्क काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पंगतीत जाऊन बसली.

त्याच आठवड्यात खोकला सुरू झाला. ती भावाला म्हणाली, "अण्णा, मला दवाखान्यात न्हे." अण्णानं तिच्या कपाळाला हात लावला. "ताप कुठं हाय गं? लग्नाची सत्यनारायणाची पूजा होऊ दे, मग जाऊया." त्या औषधानं तापही दबतो, हे तिनं त्याला सांगितलं होतं. फोनवर हे सगळं मला सांगताना तिला धाप लागत होती.

पूजा झाली, प्रसाद वाटून झाला, तेव्हा तिला उचलून नेलं. न्यूमोनिया फार पसरला होता. ती परत आली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनी आल्यागेल्याला सांगत होती, "त्या इंजेक्शनानंच घात केला बघा. लई सांगितलं, ऐकलंच न्हाय."

अण्णा खाली मान घालून बसला होता.

"तुमचं ऐकलं, म्हणूनच गेली," मी म्हणाले.

वहिनीनं चहाचा कप पुढं केला. मी तो घेतला नाही. बसला अजून वेळ होता, तरी उठले आणि स्टॉपवर जाऊन उभी राहिले.