लाल आकड्यांसमोर अकरा सेकंद

बी.एड.च्या वार्षिक पाठाला मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसले होते आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा चढवला होता. साडी पुढे बरीच वर्षं टिकली. चेहरा त्याच तासाला उतरला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरात आमचं किराणा दुकान होतं, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला अट घातली होती. "एकच वर्ष हं. पास झालीस तर होटगीच्या शाळेला विज्ञानाची बाई पाहिजे हाय, जा तितं. नापास झालीस तर अक्कलकोटचं स्थळ थांबलंय. साकु." साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात शेवटचा शब्द नेहमी कानडीत पडायचा आणि त्यावर बोलायची सोय नसायची.

कॉलेजात आम्हाला विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या सरांनी ओळखीच्या माणसाकडून एक घड्याळ करवून आणलं होतं. त्याला काटेच नव्हते. पत्र्याचा डबा, पुढं काच, काचेमागं पेटणारे लाल आकडे. सेकंदाचा दहावा भागसुद्धा दिसायचा. सोबत लांब वायर आणि एक बटण. आम्हाला वाटलं, प्रयोगांसाठी असेल. सरांनी आधी आम्हालाच मोजायला काढलं. सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, समोर मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसायच्या. मी प्रश्न विचारला की सर बटण दाबायचे आणि मी पुन्हा तोंड उघडलं की थांबवायचे.

"बघा बाई, उत्तरासाठी किती थांबलात?"

काचेत ०.९.

"जांभई द्यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो हो! पोरांनी बोलायचं कधी?"

मैत्रिणी खिदळल्या. मी मात्र ठरवून टाकलं की यंत्रच बिघडलेलं आहे. वर्षभर सरांनी मला मोजलं आणि वर्षभर मी दीड सेकंदाच्या पुढं गेले नाही. गप्प बसणं मला सोसायचंच नाही. आजही सोसत नाही, पण म्हातारीला आता कोण मोजतंय!

वार्षिक पाठ होता नववीच्या मुलींवर. एक मीटर लांबीचा लंबक वीस वेळा झुलायला किती वेळ घेतो, ते त्याच घड्याळावर मोजायचं. आमच्यात एक रीत होती. पाठाच्या आदल्या दिवशीच गुंडाळीच्या फळ्यावर निरीक्षणांचा तक्ता लिहायचा, उत्तरंसुद्धा. उत्तरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. मुलांनी उत्तर काढलं की पट्टी ओढायची आणि "शाब्बास!" म्हणायचं. मी सूत्रावरून गणित करून ४०.१ लिहून पट्टी लावली. नुसते चाळीस नाहीत, वर पॉइंट एक! अजून न केलेल्या प्रयोगाचा दहावा भागसुद्धा मला शहाणीला ठाऊक होता.

सरावाच्या वेळी लंबकाचा लोखंडी गोळा सुटून माझ्या अंगठ्यावर पडला होता. म्हणून त्या सकाळी मी दोरा फळ्याच्या घोडीच्या खुंटीला तीन वेढे देऊन दोन गाठी मारल्या. आता पडून दाखव म्हणावं.

बाहेरगावचे परीक्षक सरांशेजारी शेवटच्या बाकावर बसले. मी घड्याळावर हात ठेवून म्हणाले, "मुलींनो, माणूस चुकेल, पण हे यंत्र चुकत नाही."

एकीनं बटण सांभाळलं, बाकीच्यांनी झोके मोजले. वीस झाले. काचेत ३६.८.

माझ्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. "पुन्हा करू," मी म्हणाले. पुन्हा केलं. ३६.७.

"व्होल्टेज कमी असेल," मी म्हणाले. परीक्षकांचं पेन हललं. सरांनी कपाळावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं अक्कलकोटचं स्थळ टोपीसकट उभं राहिलं.

त्या शाळेत दरवर्षी आमच्यासारख्या कितीतरी जणी पाठ घ्यायला यायच्या. मुलींना सगळी रीत पाठ होती. पहिल्या बाकावरची म्हणाली, "बाई, पट्टी काढा की. खाली काय हाय?"

"लिवलंय की आदीच!" दुसरी कुजबुजली. वर्गभर हसू पसरलं.

आता काय लपवणार? मी पट्टी ओढली. ४०.१. लाल आकडे एक सांगत होते, माझा खडू दुसरंच. माझ्या तोंडून प्रश्न निघाला, तो पाठाच्या टाचणात नव्हता, "मग वेळ कमी का भरला?"

आणि खरोखरच मला उत्तर माहीत नव्हतं.

बटणावरच्या मुलीच्या बोटाला चैन नव्हती. तिनं घड्याळ परत चालू केलं. एक. दोन. बोलायला माझी जीभ टाळूला धडका देत होती, पण बोलणार काय? चार. परीक्षक मान वर करून बघत होते. सहा. कोणाची तरी पेन्सिल पडली. नऊ. मी टेबल धरलं. अकरा.

"बाई," मागच्या बाकावरून आवाज आला. ती हातमागवाल्यांची मुलगी होती, तिच्या घरी दिवसभर सुताचंच काम. "सूत मीटरभर हाय व्हय? वीतभर तर खुंटीलाच गुंडाळलंय. खाली लोंबतंय ते आखूड हाय की."

मी वेढे सोडले, मीटरपट्टीनं मोजून दोरा पुन्हा बांधला, एकाच गाठीनं. वीस झोके. ४०.२. मुलींनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

तास संपल्यावर परीक्षकांनी बोट दाखवून विचारलं, "हा ४०.१ तुम्ही कधी मोजलात?"

"मोजला नाही, सर. काल घरी सूत्रावरून काढला. आम्ही सगळ्याच जणी असंच करतो."

सरांनी डोळे मिटले. खरं बोलायला लागले की मला आवरत नाही. एका वाक्यात मी आमचा बी.एड.चा अख्खा वर्ग बुडवायला निघाले होते. परीक्षक कागदावर काहीतरी लिहून उठून गेले.

निकालापर्यंतचे दिवस मी दुकानात डाळी निवडत काढले. निकालाच्या दिवशी सरांनी मला बोलावून परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला, "उत्तर आधीच लिहिले, गुण कापले. उत्तरासाठी थांबल्या, गुण दिले." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "बाई, काठावर का होईना, पास झालात. वर्षभर मी डोकं फोडलं, आणि थांबलात कधी, तर उत्तर येत नव्हतं तेव्हा!"

गुणपत्रिका आप्पांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही बघितली. एरवी मी तेवढ्यात दहा वाक्यं बोलून सगळं बिघडवलं असतं. तोंड उघडलं होतंच. मिटलं. मनातल्या मनात आकडे मोजत उभी राहिले.

आठ मोजून झाले तेव्हा आप्पांनी विचारलं, "होटगीला सकाळची गाडी कितीला हाय?"