मामांची फायनल

नाशिक जिल्ह्यात माझ्या मामांविरुद्ध कट रचल्याशिवाय कबड्डीचा एकही सामना होत नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली त्यांची नोकरी संपली, पंचगिरी काही संपली नाही. घोटीला शाळकरी पोरांचे सामने दिले, की "मला कोपऱ्यात टाकलं." शहरातला चुरशीचा सामना दिला, की "मार खायला मीच सापडलो." आणि काहीच दिलं नाही, तर समितीने मुद्दाम आपल्या दुपारच्या झोपेच्या वेळी फोन केला असणार, असा त्यांचा दाट संशय.

मैदानावर ते यजमान संघाचा चहा घेत नसत, कारण भ्रष्टाचार साखरेतून शिरतो. पाणी घरचं, डबा घरचा, नाणेफेकीचं नाणंही स्वतःच्या खिशातलं. एकदा एका कर्णधाराने अदबीने "जय भीम, सर" केलं. मामांनी उलट जय भीम केला आणि मग सामनाभर त्या पोरावर असा डोळा ठेवला, की बिचारा चढाईला जायलाच घाबरला. "नमस्कार सामना संपल्यावर करायचा असतो," मामा नंतर त्याला म्हणाले.

संशय नव्हता तो फक्त स्वतःच्या कानांवर. चढाई करणाऱ्याने एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं. तो दम तुटला की बाद. "दम ऐकावा तर मीच. बाकीचे नुसती शिट्टी वाजवतात." बाकीचे पंचही हेच म्हणत, अर्थात स्वतःबद्दल.

तरी मामांना आजवर एकदाही अंतिम सामना मिळाला नव्हता, आणि माझं रक्त त्याने उसळायचं. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मी घरातच शिकले. यंदा मजकूर लिहून तयार होता: 'नेमणुका कोण करतं? कुणासाठी करतं?' मामांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "माझं नाव मोठ्या टायपात घे."

पत्रक छापायच्या आत फोन आला. देवळाली कॅम्पची फायनल, मुख्य पंच मामा.

"आत्ताच कशी आठवण झाली? काहीतरी शिजतंय," मामा म्हणाले. पण गणवेशाला इस्त्री त्यांनी स्वतः केली.

आदल्या दिवशी मी गेले, तर आत्या भाकरी थापत 'कबड्डी, कबड्डी' म्हणत होती आणि मामा गॅलरीत पाठ करून उभे. सराव चालला होता. अचानक त्यांनी बोट वर केलं. "तुटला!"

"अहो, म्हणतेय ना अजून!"

"पुटपुटतेस तू. हल्लीची पोरंही तशीच, दम पोटात ठेवतात." मग मला म्हणाले, "तू ये. मोर्चातला आवाज आहे तुझा."

मी जोरात सुरू केलं. श्वास संपत आला तसा आवाज बारीक होत गेला, पण मी थांबले नव्हते. मामांनी बोट वर केलं आणि वळले. माझे ओठ हलत होते.

आम्ही दोघी मिळालेल्या आहोत, असं ते म्हणणार याची मी वाट पाहिली. त्यांनी तसं पाहिलंही, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "भाकरी करपतेय."

दुसऱ्या दिवशी देवळालीला पोचताच ते थेट समितीच्या टेबलापाशी गेले. "गुडघा धरलाय. मला रेषेवर बसवा, मधे दुसरा कुणी घ्या." त्या गुडघ्याबद्दल मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. फायनल दुसऱ्याने केली. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर कडक इस्त्रीत बसून रेषेबाहेर पडणारं प्रत्येक पाऊल टिपत राहिले.

परतताना बसस्टॉपवर कॉलनीतले एक जण भेटले. "काय हो, फायनल तुमची होती ना?"

"होती. ऐनवेळी काढून घेतली. राजकारण, दुसरं काय!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी राजकारणावर काही बोलले नाही.

बसमध्ये ते हळूच माझ्याकडे झुकले. "शेवटच्या चढाईला त्या पोराचा दम टिकला होता ना गं?"

"टिकला होता, मामा."

त्यांनी माझ्याकडे नेहमीच्याच संशयाने पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. "तू ऐकलास ना? मग टिकला असेल," ते म्हणाले, आणि खिशातलं नाणेफेकीचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.