मावशींचं 'हाड!'

मंडळी, आज सातपाटीला एका मावशींच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. मावशी मासळी विकतात. लकव्यानंतर काका पाच महिने गप्प पडून आहेत.

"मावशी, डोळे मिटा."

"तुमी मिटा, पास्टर. बाहेर बोंबील सुकत हायेत, कुत्रा टपलाय. देवाला सगलं ठावं हाय."

मी काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी जोरात म्हणालो, "आजारा, येशूच्या नावात या घरातून चालता हो!"

"हाड!" मावशी दाराकडे बघून ओरडल्या.

कुत्रा पळाला. आणि काका हसले! तोंड वाकडं होतं, पण चांगला आवाज करून हसले.

मावशी त्यांच्या उशाशी मटकन बसल्या. "परत हसा ना," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

या गडबडीत माझं आमेन राहूनच गेलं. तुम्ही म्हणाल का?