आईच्या बाजूचा 'स'

लातूर नवा जिल्हा झाला आणि दादा, म्हणजे माझे वडील, बदली मागून मुदखेडहून तिथल्या नव्या कचेरीत आले. प्रवासभर मी मांडीवर एकच वस्तू धरून बसले होते, आईची रेकॉर्ड. लग्नाआधी आई भीमगीतं गाणाऱ्या एका गायन पार्टीत गायची. पार्टीनं हैदराबादला जाऊन एकच रेकॉर्ड काढली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पार्टीचे प्रमुख.

लातुरात बिऱ्हाड लागल्यावर बऱ्याच दिवसांनी लावली तर आईचा प्रत्येक 'स' टोचायला लागला. 'संघ' म्हटलं की तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्र! रेकॉर्ड वाजवायचा फोनो प्रवासात बिघडला, असं दादा म्हणाले. नवी सुई आणली. चर्र कायम. मग सहज दुसरी बाजू लावली, जी आम्ही कधी ऐकतच नसू, तर प्रमुखांचा आवाज लख्ख! तोच फोनो, तीच सुई, तीच रेकॉर्ड. माझं डोकंच चालेना.

आईचं मात्र चाललं. "माझ्याच तोंडात खोट हाय. आजवर कुनी बोललं न्हाई, इतकंच."

बुद्ध पौर्णिमेला वसाहतीतल्या विहारात गायचं तिनं कबूल केलं होतं. दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून निरोप धाडला. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर शंकाही आली. ती बोलत असली की मी तिचे 'स' ऐकत बसायचे. कधी टोचायचे, कधी नाही. काय खरं, काही कळेना.

शेवटी फोनो दुरुस्त करणाऱ्या मामूंकडे रेकॉर्ड नेली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली. एक बाजू काळी कुळकुळीत, आईची मात्र राखाडी पडलेली.

"ही बाजू लई वाजवली काय? वरून वजन ठेवून?"

ठेवलं होतं. सुई उडी मारू नये म्हणून मुदखेडचे लग्नातले लाउडस्पीकरवाले फोनोच्या दांडीवर नाणं चिकटवायचे. त्यांचं बघून मी शहाणीनं दोन चिकटवली. शाळेतून आले की रोज तीच बाजू; आवाज हळूहळू बिघडत गेला, तो रोज ऐकून कानाला कळलाच नाही. झिजलेल्या सुईनं मीच आईचे 'स' खरवडून काढले होते.

"आता हे भरून यायचं न्हाई, बेटा," मामू म्हणाले.

त्या वर्षी दुष्काळ होता, पाण्याचा टँकर चार दिवसांआड यायचा. आई घागर घेऊन रांगेत उभी होती. तिथंच तिला सगळं सांगितलं. "तुझं तोंड चांगलं हाय, आई. खोट माझी हाय. रोज वाजवून मीच घासली." बोलता बोलता रडू फुटलं. रांगेतल्या बाया बघायला लागल्या.

आई चिडेल असं वाटलं होतं. तिनं घागर खाली ठेवली.

"मला ऐकू यायचं की गं रोज. तितंच चुलीपाशी तर असायची मी. एकदा तरी म्हनलीस का, आई, तू गानं म्हन म्हनून?"

टँकर आला, ढकलाढकली सुरू झाली. त्या गलक्यात मी जन्मात पहिल्यांदा तिला म्हणाले, "आई, म्हन की."