साहेब चार वाजायची वाट बघत होते

हंसाबेनचा फोन आला तेव्हा मी खंडेराव मार्केटमध्ये सुरण निवडत होते. "टीचरबेन, तुम्ही किल्ल्यांवर लिहिता, खाण्यावर लिहिता. एकदा आमच्या कूलरवर लिहा," ती म्हणाली. हंसाबेन ही बडोद्यापासून तासाभरावरच्या एका गावातल्या महिला दूध मंडळीची मंत्री. इकडे मंडळीच्या सचिवाला मंत्री म्हणतात. तिच्या मुलीला मी दहावीला शिकवलं होतं. गुरुवारी मंडळीच्या बायका तालुक्याच्या वीज कचेरीवर जाणार होत्या. मी नागरवाड्यातल्या घराला कुलूप लावून बुधवारी दुपारीच निघाले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांची कामं अजून त्याच कचेरीत अडतात.

असल्या गावाला तुम्हालाही जायचं असेल तर एसटीनं फाट्यापर्यंत जा, पुढे शटल रिक्षा मिळते. दोन्ही मिळून शंभर रुपयेही लागत नाहीत. रिक्षात चौघांच्या जागी नऊ जण बसतात, तेव्हा सामान कमी न्या. गावात हॉटेल नाही. मला हंसाबेनकडे बाजरीचा रोटला, वांग्याचं शाक आणि लोटाभर ताक मिळालं. असं जेवण मला शहरात कुठे मिळालेलं नाही.

संध्याकाळी मंडळीवर गेले. आतल्या खोलीत स्टीलचा भलामोठा कूलर उभा होता, अंगावर अजून प्लास्टिक. दूध गावातच थंड करून ठेवायचं हे यंत्र. बाहेर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती, पाटीवर पाहुण्यांची नावं होती आणि आत वीज नव्हती. एवढ्या मोठ्या यंत्राला लागणारी थ्री फेजची जोडणी दीड वर्षं मिळालेली नव्हती. दूध थंड करणं ही शेती की धंदा, हे कचेरीला ठरवता येत नव्हतं. शेतीच्या खिडकीवरून धंद्याच्या खिडकीकडे धाडत, तिथून परत शेतीच्या.

तोवर संध्याकाळचं दूध उन्हाळ्यात डेअरीपर्यंत पोचता पोचता नासायचं, म्हणून मंडळी ते घेतच नव्हती. बायका ते फाट्यावरच्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावानं घालायच्या. माझ्या शेजारी बसलेल्या कोकिळाबेननं सांगितलं, की दुसरी म्हैस घ्यायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोनदा सोडून दिलं. एका वेळच्याच दुधाला धड भाव मिळतो, तर दुसरी म्हैस बांधायची कशाला?

हंसाबेननं मात्र वर्षभरात एक काम करून ठेवलं होतं. पलीकडच्या गावातल्या मंडळीचा कूलर चालू होता. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिनं त्या जोडणीचा मंजुरीचा कागद मिळवला होता. तालुका तोच, कचेरी तीच, शिक्काही तोच.

गुरुवारी सकाळचं दूध घालून आम्ही अकराला कचेरीत पोचलो. तिसेक बायका होत्या. साहेबांनी दारातूनच विचारलं, एवढ्या सगळ्या कशाला आलात, एकीनं आलं असतं तरी चाललं असतं.

"एकटी अकरा वेळा येऊन गेले, साहेब," हंसाबेन म्हणाली.

साहेब आत गेले. मग मीटिंग झाली, मग जेवण, मग आणखी एक मीटिंग. आम्ही व्हरांड्यात फरशीवर. पंखा होता, पण त्याचं बटण साहेबांच्या खोलीत होतं. तीनच्या सुमाराला शिपाई बाहेर आला आणि हळूच म्हणाला, की चारला तुमची दोहायची वेळ होते हे साहेबांना ठाऊक आहे.

मला तेव्हा कळलं. हा माणूस कामात नव्हताच. तो आत बसून म्हशींच्या वेळेची वाट बघत होता. मी उठून आत जाणार होते, पण हंसाबेननं माझा हात धरून मला खाली बसवलं. भांडण झालं तर त्यांना हवंच आहे, ती म्हणाली.

चार वाजले. कोणी उठलं नाही. घरी नवऱ्यांना दोहायला सांगून आल्या होत्या. पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. साडेचारला कोकिळाबेनच्या नवऱ्याचा फोन आला, की म्हशीनं लाथ मारून बादली पाडली. तिनं ऐकून घेतलं, फोन पदरात ठेवला आणि होती तिथेच बसून राहिली. तिचे डोळे भरले होते.

पाच वाजता साहेब पिशवी घेऊन बाहेर आले आणि बायका अजून तिथेच बघून थांबले. हंसाबेननं पलीकडच्या गावाचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला.

"हे आधी दाखवायचं ना."

"मागच्या चारही अर्जांना जोडलंय."

साहेबांनी फाइल मागवली. चारही अर्जांमागे तो कागद होता, टाचणीही निघालेली नव्हती. कोणी उघडून बघितलंच नव्हतं. जोडणी कधी देणार ते तारखेसकट लिहून, सही-शिक्का घेऊनच बायका उठल्या. जोडणी त्या तारखेच्या आत आली.

त्यानंतर पुन्हा एकदा उद्घाटन झालं. नवी पाटी, नवे हार. मंडळीच्या बायका मागच्या सतरंजीवर होत्या आणि हंसाबेनला कोणी बोलायलाही उठवलं नाही. हे तिनं मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आता संध्याकाळचंही दूध मंडळीत जातं. कोकिळाबेननं दुसरी म्हैस आणली.

घरी येऊन मी व्हरांड्यातला फोटो टाकला, तर खाली कौतुकाचा पाऊस पडला. केवढा हा संयम, एकीनं लिहिलं. गेल्या आठवड्यात हंसाबेनला ते वाचून दाखवायला फोन केला, तर ती आणखी एका गावात होती. तिथेही एक कूलर प्लास्टिकमध्ये पडून आहे. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, हे सगळं ती तिथल्या बायकांना सांगत होती. शिवाय कचेरीत जायच्या पंधरा दिवस आधीपासून नवऱ्यांना दोहायला बसवा, असंही सांगत होती, म्हणजे म्हशींना हात ओळखीचा होतो.

तयारी अगदी चोख आहे. पण हक्काची वीज घ्यायला आधी म्हशींना तयार करावं लागतं, याचा माझा राग काही केल्या जात नाही.