प्रमिलाने निवडलेली कोरी पुस्तकं

प्रमिला हट्टी. म्हणजे किती हट्टी! गुजरातला लागून असलेल्या राखोलीला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला आठ तास उभं राहायचं आणि घरी येऊन बारावीचा अभ्यास, तोही चौतिसाव्या वर्षी. शिरपूरहून आली तेव्हापासून तिला अंगणवाडीत नोकरी हवी होती, आणि बारावीशिवाय तिथे कुणी उभं करत नव्हतं. बाकी विषय सुटले, गाडं अडलं ते इंग्रजीपाशी. दोनदा नापास! नवरा सुकदेव भला माणूस, पण तोही म्हणाला, "आता तिसऱ्यांदा बस. मग मात्र पुरे."

दोन्ही वेळा तिने जाडजूड गाईड घोकलं होतं. प्रश्न जरा फिरवून आला की पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारच्या कुसुमबाई कोकणातल्या. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आता गावी परत निघालेल्या. पुस्तकांचं कपाट उघडून म्हणाल्या, "तुला हवी ती ने."

प्रमिलाने तासभर पुस्तकं चाळली आणि चार कोरी करकरीत उचलली.

"हीच का गं?"

"बाकीच्यांवर लाल पेनाच्या खुणा आहेत ना, बाई. आमच्याकडे लाल खूण म्हणजे माल रिजेक्ट."

कुसुमबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई! एकाही पोराने उघडली नाहीत, म्हणून कोरी राहिलीत ती!"

त्यांनी रिजेक्ट ढिगातलं गोष्टींचं पुस्तक काढलं. ओळीओळीवर पोरांनी लाल पेनाने मराठी-गुजराती अर्थ लिहिलेले, एका कडेला 'बाई चिडल्या'.

"आधी हे वाच, मोठ्याने. मग ही छोटी नाटकं. अडलीस की व्याकरण बघ. गाईड सगळ्यात शेवटी."

मग काय, तव्यावर भाकरी आणि तोंडात इंग्रजी. सुकदेव चिडवायचा, "भाकरी मराठीतच भाज हो!" एका गोष्टीत म्हातारी लेकाच्या पत्राची वाट बघत होती. वाचता वाचता प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही अर्थ शोधला नव्हता. "ओ माय, कळलं की मला!" ती ओरडली, आणि भाकरी करपली.

निकाल लागला त्या दुपारी ती पॅकिंगच्या टेबलापाशीच मटकन बसली. हातात मोबाईल, आणि हमसून हमसून रडणं. सुपरवायझर भावेश धावत आला.

"शूं थयुं, बेन? घरचं कोणी गेलं का?"

प्रमिलाने पदराने तोंड पुसलं.

"नाही हो भाऊ. इंग्रजीत पास झाले."